जोडीतलं दुसरं पातं

हे मी बायकोलाबी सांगितलेलं न्हाई. तुम्हाला का सांगाय लागलो, ते विचारू नका. आणि ऐकून झाल्यावर "जाऊ द्या, झालं गेलं" म्हणू नका — त्या शब्दांचा मला तिटकारा हाय.

लातुरात क्लासच्या गल्लीत माझी बर्फाच्या गोळ्याची गाडी. धंदा शिकवला हमीदचाचानं. भूकंपात आमचं घर गेलं, आई गेली, मी इथं आलो, तेव्हा त्यानंच मशीन फिरवायला शिकवलं. पुढं स्वतःच्या शेजारी गाडी लावू दिली. पण येईल त्या गिऱ्हाईकाला सांगायचा, "याच्याकडंबी घ्या, भूकंपातला हाय बिचारा." बिचारा! अरे, किती वर्षं बिचारा? क्लासची पोरं माझ्याकडं बघून च्-च् करायची आणि गोळा त्याच्याकडचाच खायची. राग येणार न्हाई? मला लई यायचा. अजून येतो.

मशीनचा सगळा जीव पात्यात. वर बर्फ फिरतो, खालचं पातं तो किसतं. पातं बोथट झालं की कीस पडत न्हाई, खडे पडतात. म्हणून उन्हाळा लागला की पातं बदलायचं. आणि चाचाचा एक दंडक होता — ज्यानं पातं बसवलं, त्यानंच पहिला गोळा खायचा. "आपल्या हाताचा आपल्याला भरवसा पायजे," म्हणायचा.

त्या वर्षी त्याला मोतीबिंदू झाला होता. नव्या पात्यांची जोडी आणली, त्यातलं एक माझ्या हातात दिलं. "तू बसव बेटा, मला स्क्रू दिसंना." मी बसवलं — न्हाई, थांबा, खरं सांगतो. नवं पातं मी खिशात घातलं. माझ्या मशीनचं जुनं, तडा गेलेलं पातं घासून, खोबरेल लावून चकचकीत केलं होतं, ते त्याच्या मशीनला आवळलं. आदल्या दिवशीच घासून ठेवलं होतं. चुकून झालं म्हणायची सोय न्हाई.

काय पायजे होतं मला? त्याचा कीस जाडाभरडा पडावा, पोरं माझ्याकडं वळावीत. एवढंच — एवढंच म्हणायला जीभ कशी रेटते माझी? तडा मला दिसत होता.

पहिला गोळा त्यानं माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, दाढ ठणकते. मग त्यानंच खाल्ला.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पात्याचा टवका उडाला. डॉक्टर व्हायचं म्हणून मुखेडहून आलेली एक मुलगी होती, तिची जीभ चिरली. लाल गोळा, त्यात रक्त आधी कुणाला कळलंच न्हाई. मग बोंबाबोंब. पोरांनी चाचाची गाडी उलथी केली. "म्हाताऱ्याला दिसत न्हाई, कशाला धंदा करतो!" — हे कोण ओरडलं? मी.

चाचा म्हणाला, "पातं मीच बसवलं. माझी चूक."

मुलीला टाके पडले. बघायला मी गेलो न्हाई. चाचाला गल्लीत पुन्हा कुणी उभं राहू दिलं न्हाई, आणि मला वाटत होतं, बरं झालं. म्हातारा भोळा, त्याला काय कळतंय.

तो लातूर सोडून लेकीकडं निघाला, तेव्हा माझ्या गाडीशी आला. रुमालात गुंडाळलेलं पातं माझ्या हातात ठेवलं.

"जोडीतलं दुसरं हाय. पहिलं तुझ्या मशीनला लागलंय, हेबी तूच ठेव."

आवाज चढवला न्हाई, शिवी दिली न्हाई. शेजारी दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांना मी भूकंपातला हाय, हे त्यानं सांगितलं न्हाई. बिचारा म्हटलं न्हाई. तसाच स्टँडकडं चालत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मी ते दुसरं पातं बसवलं. पहिला गोळा गिऱ्हाईकाला दिला.