माझ्या मुलाने दिलेली साक्ष

आमचा टेम्पो गावातून निघाला तेव्हा माझे सासरे चर्चच्या फाटकाशी प्रार्थना करत उभे होते. रस्त्यात रक्षण कर, तळोज्याच्या नोकरीत यश दे, नातवाला सद्बुद्धी दे, अशी ती लांबतच चालली होती. दोन वर्षांच्या अनुग्रहला कडेवर घेऊन मी डोळे मिटले होते. गावची सगळी मंडळी माना खाली घालून उभी होती. एकटे माझे यजमान टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून राहिले. ‘आमेन’ म्हणायलासुद्धा खाली उतरले नाहीत. मला इतकी लाज वाटली की अर्धा रस्ता मी त्यांच्याशी बोलले नाही. नवी नोकरी लागली म्हणून माज आला, असा माझा समज झाला. तो समज बावीस वर्षं टिकला.

माझी आई निघताना म्हणाली होती, “पोहोचलीस की आधी पाणी कधी येतं ते विचार, मग भांडी लाव.” मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांपैकी तेवढा एक उपयोगी पडला.

गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी लिहा, असा तुमचा फोन आला. आपल्या गावचा मुलगा ख्रिस्ती रॅपर झाला, ॲक्टर झाला, त्याचा प्रवास त्याच्या आईने सांगावा, असं तुम्ही म्हणालात. गावात राहिलेल्यांसाठी आणि पुण्याला, मुंबईला, आखाती देशांत गेलेल्यांसाठी मी तो सांगते. पण तुम्हाला हवा होता तसा तो निघेल, असं धरून चालू नका.

तळोज्याला आम्ही पहिल्यांदा भाड्याने राहिलो ते एका आगरी बाईच्या चाळीत. पहिल्याच दिवशी ती दारात येऊन म्हणाली, “ए बाय, पोराला खिरकी लावूनशी निजव. कंपनीचा वास येतो. पन आमी सांगितला असा कोनाला बोलू नको, नायतर माजी खोली कोन घेल?” मला ती बाई लगेच आवडली. अनूचे पप्पा रासायनिक कारखान्यात शिफ्टला जात. मला पनवेलच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी लागली आणि तिथेच मी आजही बसते. त्या खिडकीने मला माणसं ओळखायला शिकवलं. लोक वय खोटं सांगतात, पत्ता खोटा सांगतात. सुजलेला गाल घेऊन आलेली बाई बाथरूममध्ये पडले म्हणून सांगते. मी लिहून घेते आणि कागद डॉक्टरांकडे पाठवताना त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने छोटी फुली करते. आमच्या डॉक्टरांना ती कळते.

आमची पनवेलची मंडळी एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. अनू तिथेच वाढला. गावाकडे तुम्ही पेटी-तबल्यावर गीतं म्हणता, इथल्या तरुण संघाकडे ड्रम आणि स्पीकर आहेत. अकरावीत असताना त्याने स्तोत्राच्या ओळी घेऊन रॅप केला आणि पाळकसाहेबांनी त्याला दर महिन्याला पाच मिनिटं दिली. मी पहिल्यापासून सावध होते. त्याने नाव घेतलं ‘अनुग्रह तळोजेकर’. “आपण साळवे आहोत,” मी म्हटलं. “मम्मी, साळवेला पंच नाही, दणका नाही,” तो म्हणाला. मग कानात डूल आला. मग त्याच्याच वयाचा एक ‘मॅनेजर’ आला. तो बुटांसकट आमच्या घरात शिरायचा आणि मला ‘आँटी, व्हिजन समजून घ्या’ म्हणायचा. मी त्याला आधी बूट काढायला लावले, व्हिजन नंतर.

ॲक्टिंगचं म्हणाल, तर अनू टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तो प्रेत म्हणून. पोलिसांच्या मालिकेत पाच सेकंद पांढऱ्या चादरीखाली होता, फक्त पाय आणि अर्धा चेहरा. गावाहून तुमचे अभिनंदनाचे किती फोन आले! त्यानंतर वेटर, कॉलेजचा मुलगा, एकदा चोर. अंधेरीला ऑडिशन असली की सकाळी निघायचा आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचा. नोकरी बघ, असं मी म्हणायचे. अनूचे पप्पा म्हणायचे, “करू दे त्याला.” हे एवढे उदार कसे, याचाही मला संशय यायचा.

गेल्या वर्षी पळस्प्याजवळ एका मैदानावर उपासनेचा मोठा मेळावा झाला. दुपारची सभा होती. अनूला गाण्याआधी साक्ष द्यायची होती. तुम्हाला साक्ष म्हणजे काय हे सांगायला नको, तरी बाहेरच्या कोणी हा अंक वाचला तर कळावं म्हणून लिहिते. उभं राहून आपलं आधीचं आयुष्य सांगायचं आणि प्रभूने ते कसं बदललं हे सांगायचं. आधीचं जितकं काळं, तितकी साक्ष मोठी, हे कोणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असतं. सरळ वाढलेल्या मुलाने काय सांगायचं? “मी रविवारच्या शाळेत जायचो, अजून जातो,” याला कोणी हालेलूया म्हणत नाही.

अनूने माइक घेतला आणि त्याचा बाप दारू पिऊन घरी यायचा, हे सांगायला सुरुवात केली. मग बीट चालू झाला:

बाप घरात आला की खोली व्हायची लहान,
एका थपडेत गेला माझा डावा कान.

मैदानावर बायका रडत होत्या. मी खुर्चीला चिकटले. माझ्या नवऱ्याने दारू चाखलीसुद्धा नाही आणि मुलावर एकदाही हात उचलला नाही. मी शेजारी पाहिलं. ते समोर बघत होते. गाणं संपलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यानंतरही वाजत होत्या. दोन अनोळखी बायकांनी येऊन माझे हात धरले. “किती सोसलंत, ताई!”

“मी काही सोसलेलं नाही,” मी म्हटलं. त्यांनी हात आणखी घट्ट धरले.

दुसऱ्या दिवशी अनू नाश्त्याला बसला तेव्हा मी समोर खुर्ची ओढली.

“काल काय सांगितलंस ते?”

“साक्ष होती, मम्मी.”

“कोणाची? तुझे पप्पा पितात?”

“नाही.”

“तुला कधी मारलंय त्यांनी?”

“नाही. मम्मी, तू त्यांच्याशी बोल ना.”

“मी तुझ्याशी बोलतेय.”

“मला ट्रेन पकडायची आहे,” असं म्हणून तो अर्धा पाव हातात घेऊन गेला. अनूच्या पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, “त्याचं चांगलं चाललंय. चालू दे.”

चांगलंच चाललं होतं. ती क्लिप फोनाफोनांतून फिरली. एका वेब सीरिजवाल्यांनी ती पाहिली आणि त्याला बोलावलं. भूमिका दारुड्याच्या मुलाची. पहिली मोठी भूमिका. इकडे आमच्या मंडळीत कारभार पाहणाऱ्या पंचांची निवड होती आणि अनूच्या पप्पांचं नाव आधी ठरलेलं होतं. पाळकसाहेब घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, “ब्रदर, यंदा थोडं थांबू या. लोक विचारतात.” तुमच्यातल्याही एका मावशींचा मला फोन आला. नाव घेत नाही. “अगं, तो कधीपासून पितो?” त्यांनी विचारलं. माणूस काही न करता बदनाम होत होता आणि तोंड उघडायला तयार नव्हता. तेव्हा मला त्याचाच संशय आला. संसारात पहिल्यांदा मी नवऱ्याच्या स्कूटरची डिकी उघडून आत वास घेतला. रेनकोटचा वास आला.

आठवडाभर मी खिडकीवर बसून विचार करत होते. रोज खोटं ऐकणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते. खोटं सांगणारा ढोबळ सांगतो. खूप मारलं, खूप रक्त आलं, असं. डावा कान, असं तो सांगत नाही. अनूचे दोन्ही कान शाबूत आहेत, दिवसभर त्यांत काहीतरी घालून बसलेला असतो. आमच्या घरात डाव्या कानाने ऐकू न येणारा माणूस एकच. पंगतीला ते नेहमी डावीकडे भिंत येईल असे बसतात. कंपनीच्या मशिनच्या आवाजाने कान गेला, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आले. त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. ते मीच ठरवलं होतं. कंपनीत लागण्याच्या आधीचा आमच्या लग्नातला फोटो मी काढून पाहिला. त्यातही ते मान वळवून उजवा कान पुढे करून बसले आहेत.

रविवारी जेवणं झाल्यावर ते मिक्सर उघडून बसले होते. मी म्हटलं, “तुमचा कान कोणी फोडला?”

त्यांनी स्क्रू एका वाटीत ठेवला. “अण्णांनी,” ते म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे दिवंगत सासरे. तुमचे पंच, तुमच्या रविवारच्या शाळेचे मुख्य शिक्षक. त्यांचा फोटो शाळेच्या खोलीत अजून आहे.

मग त्यांनी सांगितलं. बायबलचं वचन पाठ झालं नाही की मार. अडखळलं की पहिल्यापासून म्हणायचं, आणि पुन्हा मार. कान गेला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. अण्णा दारू पीत नव्हते. आयुष्यात कधी प्यायले नाहीत. ती दारू अनूने घातली. न पिता मारणारा बाप, तोही बायबल हातात घेऊन, हे स्टेजवर कोणाला पटणार नाही, असं त्याच्या मॅनेजरचं मत पडलं. व्हिजन ते हेच.

“त्याला तुम्ही सांगितलंत आणि मला नाही?”

“त्याची ऑडिशन होती. बाप थप्पड मारतो असा सीन होता. त्याला जमत नव्हता. मला म्हणाला, पप्पा, एकदा खरोखर मारा, म्हणजे कळेल. मी हात उचलला आणि मला तो खाली आणता येईना. तेव्हा बोललो.”

“आणि मैदानावर टाळ्या?”

“कोणाच्या तरी तोंडून निघालं एकदाचं. बरं वाटलं.”

“लोक तुम्हाला दारुडा म्हणतात.”

“म्हणू देत.”

ते मला चालणारं नव्हतं. मी अनूला बोलावून सांगितलं की गोष्ट पप्पांची आहे, ज्यांच्या कानाची आहे त्यांच्या नावाने सांग आणि दारू काढ. “मम्मी, फ्लो तुटेल,” तो म्हणाला. मी म्हटलं, तुटू दे. सीरिजमध्ये तू खुशाल दारुड्याचा मुलगा हो. तिथे सगळ्यांना माहीत असतं की हे नाटक आहे. साक्षीत ते माहीत नसतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, माझी ताकद इथे संपली.

पण पुढच्या महिन्यात हॉलमध्ये त्याची पाच मिनिटं आली, तेव्हा त्याने बीट लावलाच नाही. कागद हातात घेऊन साधं वाचलं:

आजोबा घरात आले की खोली व्हायची लहान,
एका थपडेत गेला माझ्या पप्पांचा कान.
ते प्यायलेले नव्हते.

तिसऱ्या ओळीला यमक नव्हतं. कोणी रडलं नाही, टाळी वाजली नाही. अनूचे पप्पा आपणहून उभे राहिले आणि म्हणाले, “मुलगा बोलला ते खरं आहे. मी त्याला मारलं नाही, हीच माझी साक्ष.” आणि खाली बसले. नंतर जिन्यात पाळकसाहेब अनूला म्हणाले, की आधीची साक्ष जास्त परिणामकारक होती. मॅनेजरही तेच म्हणाला. दोघांचं एवढं जमतं, हे मला तेव्हा कळलं. पंचांची निवड होऊन गेली होती, त्यामुळे ती जागा गेली ती गेलीच. नवं गाणं फारसं कोणी ऐकत नाही. सीरिजचं शूटिंग चालू आहे, ती येईल तेव्हा बघा. अनू नट म्हणून चांगला आहे, हे मी आई असूनही सांगते.

आता तुम्हाला विचारायचं ते विचारते. रविवारच्या शाळेत तेव्हा वीस-पंचवीस मुलं असतील, मी तर पाळण्यात होते. नऊ वर्षांचा मुलगा एके दिवशी एका कानाने ऐकेनासा झाला. कोणाला दिसलं नाही? मला संशय आहे की दिसलं होतं. टेम्पोपाशी माना खाली घालून उभे होतात, त्यांतल्या काहींना तो माणूस खाली का उतरत नाही हे कळलं होतं, आणि एकटी मी त्याला माजोरडा समजत होते. फोटो काढा असं मी म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. पण हा लेख कापून अर्धा छापू नका.

दर नाताळला मी हट्टाने सगळ्यांना गावी आणत आले. माझं माहेर त्याच गावात. माझ्यासाठी तिथे विहिरीपासून चर्चच्या घंटेपर्यंत सगळं गोड आहे, आणि अजूनही गोड आहे, ते मी खोटं सांगणार नाही. अनूच्या पप्पांची मात्र दर वर्षी नेमकी ड्यूटी निघायची. ते एक दिवस उशिरा यायचे आणि एक दिवस आधी जायचे. आपल्या माणसांची ओढ नाही, असं मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले आहे. ते ऐकून घ्यायचे. उजव्या कानाने.

यंदाही मी येणार आहे. फराळाचं करून आणीन, घंटा वाजली की सगळ्यांसारखी पुढे येऊन बसेन. एकटीच येईन. अनूचे पप्पा कुठे आहेत, असं कोणी विचारलं, तर ड्यूटीवर आहेत असं सांगणार नाही. घरी आहेत, म्हणून सांगेन.