पिंपळगावच्या पटावर ट्रॅक्शन कंट्रोल बंद

आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात गाडीला नवे टायर बसवून घेत होते. "नंदे, तुह्या बापाले एकदा कोठंतरी फिरवून आण वो," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणते हाड जुळलं, आता काठीचीबी गरज नाही. पण हे वट्याच्या खाली उतरून नाही राह्यले."

मी तिथेच ठरवलं, या वेळी पिंपळगाव राजाला ट्रेनने नाही, माझ्या लाडक्या गाडीने जायचं.

आधी बाबांविषयी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. माझे बाबा शंकरपटाचे धुरकरी. शंकरपट म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बैलांची शर्यत: दोन बैल, हलकासा छकडा, सरळ धावपट्टी आणि कासरा हातात धरून उभा असलेला माणूस, तो धुरकरी. घरची शेती मोठी, नोकरीची गरज नाही, त्यामुळे बाबांनी आयुष्यभर हाच नाद केला आणि त्याचा गर्वही मनसोक्त बाळगला. गेल्या हंगामातल्या पटात त्यांच्या खैऱ्या बैलाचा पाय घसरला, छकडा उलटला आणि बाबांचा खुबा मोडला. दवाखान्यातूनच त्यांनी हुकूम सोडला: बैल फसवा निघाला, त्याला दारात ठेवू नका. खैऱ्याची रवानगी जळगाव जामोदला मामाकडे झाली. तेव्हापासून बाबा गप्प. हे असंच चालू राहिलं तर बाबा ओट्यावरच संपतील, अशी भीती मला वाटायला लागली होती.

आता गाडी. सेकंडहँड, दोनच सीट, साडेचारशे घोड्यांची ताकद आणि ती सगळी मागच्या चाकांना. पन्नाशीत बाईने अशी गाडी घेतली म्हणून लोकांनी काय काय म्हणायचं ते म्हणून झालंय. नवऱ्याने फक्त "भाजी कुठे ठेवणार?" एवढंच विचारलं. गाडी हातात आल्यावर मी रीतसर ट्रॅकवर जाऊन शिकवणी घेतली. घसरलेली गाडी सावरायला शिकले आणि तेव्हापासून मला हिचं वेडच लागलं.

पुण्याहून पहाटे निघा. नगर, संभाजीनगर, जालना, चिखली, खामगाव असा रस्ता आहे. बुटक्या गाडीने येणाऱ्यांसाठी सूचना: पेट्रोलची टाकी जालन्यातच भरा. गावांमधले गतिरोधक तिरके, एकेक चाक चढवत पार करा, नाहीतर पोट घासल्याचा आवाज थेट काळजात जातो. जालन्याच्या पुढे मी कितीतरी गतिरोधकांना हात जोडले. चिखलीला चहासाठी थांबले तर गाडीभोवती घोळका जमला.

"दोनच माणसं बसते इच्यात. कायच्या कामाची बे?"

"शोकीची हाय ते. तुले नाही समजनार."

चहा झकास होता. कपाशीने फुगलेल्या ट्रकांच्या मागून हळूहळू खामगाव गाठलं आणि ऊन उतरता उतरता पिंपळगावात शिरले.

बाबा ओट्यावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी उतरून पाया पडले. त्यांनी गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि मला एवढ्यानेच बरं वाटलं.

"हे घसरत नाही का?" त्यांनी विचारलं.

मी उत्साहाने सांगायला लागले, की हिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल असतं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की आतला कॉम्प्युटर स्वतःच इंजिनची ताकद कमी करतो, लागला तर ब्रेकही लावतो. म्हणून साडेचारशे घोडे असूनही गाडी गाईसारखी चालते.

"म्हणजे कासरा त्याच्या हातात," बाबा म्हणाले. "मंग तू कायले बसतं तिथं?"

इतके दिवस न बोललेल्या माणसाने पहिला टोमणा मला मारला! आईने दारामागून तोंडाला पदर लावला.

"बंदपन करता येते ते, बाबा. बटन हाय."

"मंग बंद कर. मले पाह्यचं हाय."

मी म्हटलं, रस्त्यावर अजिबात नाही. (वाचकहो, तुम्हीही नाही. रस्त्यावर ते बटण दाबणारा शूर नसतो, मूर्ख असतो.) तेवढ्यात माझा चुलतभाऊ गजू पुढे झाला. पटाचं मैदान मोकळंच होतं, यंदाचा पट नुकताच होऊन गेला होता. मी लगेच गजूबरोबर जाऊन पूर्ण धावपट्टी पायी चालून पाहिली. काळ्या मातीवर रोलर फिरवलेला, जमीन टणक, शेवटाला फक्त बाभळींची रांग. गजूला बजावलं, माणसं बांधाच्या मागेच उभी राहिली पाहिजेत. रात्री शेणीच्या आरात, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. बाबांनी रोडगा मागून घेतला.

सकाळी बाबा ओट्यावरून उतरले. काठी टेकत, पण उतरले. गाडीत बसणं म्हणजे त्यांच्यासाठी जवळपास जमिनीवर बसणंच होतं. आधी काठी आत गेली, मग बाबा. काठी मी सीटच्या मागे सारली. मैदानावर अर्धं गाव जमलं होतं, बांधाच्या मागे, अगदी शिस्तीत.

पहिल्या फेरीत मी ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवलं आणि अर्ध्या पट्टीवरूनच परत वळले. गाडी सरळ, सभ्यपणे धावली. बाबांनी जांभई दिली. मग मी बटण दाबून धरलं. समोर पिवळा दिवा लागला.

ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला मात्र, गाडीचं मागचं अंग वळवळलं. आतापर्यंत जी ताकद कुणीतरी माझ्यासाठी मोजून वाढत होतं, ती आता सगळीच्या सगळी माझ्या उजव्या तळव्याखाली आली होती. जरा जास्त दाबलं की मागची चाकं बाजूला निघू पाहत, जरा कमी केलं की परत रांगेत येत. स्टिअरिंगमधून माती कळत होती: इथे टणक, इथे भुसभुशीत, इथे खडा. मला एकाच वेळी भीती वाटत होती आणि हसू येत होतं. एवढं प्रचंड काहीतरी आपलं ऐकतंय, आणि आपण चुकलो तर ते कुणाचंच ऐकणार नाही, हे पाठीच्या कण्यात समजत होतं. बाबा पुढे झुकले होते. त्यांच्या मुठी अशा आवळलेल्या, जणू कासरा त्यांच्याच हातात होता.

"सोड अजून!" ते ओरडले.

मी सोडली. आणि धावपट्टीच्या अर्ध्यावर पायाखालची जमीनच गेली.

कारण नंतर कळलं. गजूने भल्या पहाटे टँकर आणून पुढच्या अर्ध्या धावपट्टीवर पाणी मारलं होतं. पटाच्या दिवशी धूळ बसवायला मारतात ना, तसंच. पुण्याच्या गाडीवर धूळ कशाला, हा त्याचा पाहुणचार! उन्हाने वरचा पापुद्रा सुकला होता आणि खाली काळ्या मातीचं लोणी झालं होतं.

गाडी फिरली. बांध, माणसं, बाभळी, आकाश, पुन्हा बांध, सगळं काचेसमोरून ओढल्यासारखं गेलं. इंजिनचा आवाज कुठे गेला कळलंच नाही, फक्त मातीचा सळसळाट. एक पूर्ण गिरकी घेऊन गाडी आडवी बाभळींकडे निघाली.

"वढ! वढ नंदे! वढ!" बाबा किंचाळत होते, कासरा ओढायला सांगावं तसे.

माझ्या पायालाही ब्रेकच हवा होता. पण शिकवणीत एकच गोष्ट घोटून घेतली होती: पाय काढ, झाडाकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिकडे बघ. मी पाय काढला. दोन बाभळींच्या मधल्या मोकळ्या जागेकडे डोळे लावले आणि हात नजरेमागून जाऊ दिले. चाकांना खालची टणक जमीन कुठेतरी सापडली, शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झालं, आणि गाडी सरळ होऊन फांद्या खरवडत त्या फटीतून पलीकडे गेली. पलीकडच्या पडीत जमिनीत ती आपोआप थांबली.

मागून शिट्ट्या, आरोळ्या, आणि "मेलो रे बाप्पा!" करत धावणारा गजू.

"तू वढलं काऊन नाही?" बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"वढलं असतं तर बाभळीत गेलो असतो, बाबा. घसरताना तिले तिचा पाय सापडू द्या लागते."

मला वाटलं बाबा घाबरलेत. हात धरायला गेले तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्या वढला होता," ते म्हणाले.

"काय?"

"कासरा. खैऱ्याचा पाय नुसता सरकला होता. त्यानं सावरलं असतं. म्या घाबरून वढला, म्हनून पडला तो. अन म्या साऱ्या गावाले सांगतलं का बैल फसवा हाय."

म्हणजे खुबा कधीचाच बरा झाला होता, हे काहीतरी दुसरंच बसलं होतं आत. मी पिवळा दिवा बंद केला.

"जळगाव जामोदले किती वेळ लागते इच्यानं?" बाबांनी विचारलं.

घरी आईला सांगून तसेच निघालो, चिखलाने माखलेल्या गाडीने. नांदुऱ्याचा उंच मारुती, पुढे पूर्णेवरचा पूल, आणि मग क्षितिजावर सातपुडा निळा होत जातो. जमलं तर दुपारनंतर जा, डोंगर तेव्हा छान दिसतो. आम्ही मात्र फारसं काही पाहिलं नाही.

मामाच्या गोठ्यात खैऱ्या कडबा खात उभा होता. बाबा दारातच थबकले. मग पुढे गेले आणि त्याच्या मानेखाली लोंबणाऱ्या पोळीवर हात ठेवला. खैऱ्याने चघळणं थांबवलं, बाबांचा खांदा हुंगला आणि जिभेने त्यांच्या सदऱ्याची बाही चाटायला सुरुवात केली. एवढं ताकदवान जनावर, एका हिसड्यात बाबांना भिंतीवर फेकू शकलं असतं. मी पाहतच राहिले. माझ्या अंगावर मैदानात आला नव्हता एवढा काटा तिथे आला.

"चुकलो गा मी," बाबा त्याला म्हणाले. मामा, मी, गोठ्यातला गडी, सगळ्यांसमोर. "घरी चाल."

मामा म्हणाला, टेम्पोने पाठवतो. बाबा म्हणाले, टेम्पोत मीपण बसतो. आणि साडेचारशे घोडे सोडून ते एका बैलाबरोबर टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून घरी गेले.

पुण्यात परतून आठवडा झाला. लोक विचारतात, बटण बंद केल्यावर कसं वाटतं? मी सांगते, भीती वाटते, आणि भीती वाटत असतानाही हात सैल ठेवता येतात हे कळल्यावर थक्क व्हायला होतं. काल गाडी धुवायला काढली. चाकांच्या कमानीतली काळी माती निघता निघेना. सीट पुढे सरकवली तर मागे बाबांची काठी.

मी आईला फोन लावला. "आई, काठी इकडंच राह्यली वो. पार्सलनं पाठवते."

"राहू दे," आई म्हणाली. "त्यायनं विचारलीच नाही. खैऱ्याले पाण्यावर घेऊन गेले हायत."