चाकाखालचा दगड

माझ्या धाकट्या बहिणीला वाटतं, मी तिच्यापासून काहीच लपवत नाही. पण ही गोष्ट तिलाही ठाऊक नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझं तोंड पाहणार नाही — आणि मला तुमचं पाहावं लागणार नाही. इतका साधा हिशोब आहे.

मी निवृत्त नर्स. नाशिकमधल्याच एका दवाखान्यात आयुष्य गेलं. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्याच्या स्टाफबसवर ड्रायव्हर होते. मूळचे देवळ्याकडचे, आणि बोलण्यातून देवळा अजून गेलेला नाही. सकाळच्या पाळीचे कामगार बसमध्ये चढले की लगेच घोरायला लागायचे, आणि ह्याचाच ह्यांना केवढा अभिमान! "माणूस झोपतो म्हंजी त्याचा आपल्यावर इस्वास हाय," म्हणायचे. सगळ्या नोकरीत गाडीला साधा ओरखडा नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे तो हाच.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. अंबडमध्ये मित्राच्या गॅरेजमागे ती उभी केली आणि रोज डबा घेऊन तिथे जाऊ लागले. बाकं काढली, पलंग ठोकला, पलंगाखाली कप्पे केले, शेगडीला ओटा केला, टपावर सोलर बसवला. खिडक्यांचे पडदे मी शिवले. आता घर नको, बिऱ्हाड चाकावर, समुद्रकाठी राहायचं, उन्हाळ्यात नाशिकला डोकवायचं — असा बेत. आणि मी? मी नाचत होते! भिशीतल्या बायकांना सांगत होते, हे माझंच स्वप्न आहे बरं का, मीच ह्यांच्या मागे लागले. त्यांची तोंडं बघून मला बरं वाटायचं. सोफा बहिणीला दिला, कुंड्या शेजारी दिल्या, फ्लॅटला कुलूप लावलं आणि जव्हारच्या घाटाने आम्ही डहाणूच्या बाजूला उतरलो.

तिथे समुद्राला लागून एक चिकूची वाडी होती. मालकाने वाडीच्या टोकाला, सुरूच्या झाडांखाली गाडी लावू दिली. समोरून होड्या उतरवायला केलेला सिमेंटचा उतार थेट वाळूवर जायचा. फोटोत फार सुंदर दिसायचं. मी रोज फोटो पाठवायचे.

फोटोत वास येत नाही ना.

गाडीच्या मागच्या कोपऱ्यात पडद्याआड आमचा डब्याचा संडास होता. औषध टाकलं की वास येत नाही म्हणे. येतो. भरला की तो उचलून वाडीच्या मोरीपर्यंत न्यायचा, उपडा करायचा, धुवायचा. आळीपाळीने. आयुष्यभर लोकांची घाण उचलली ती पोटासाठी — आता निवृत्त होऊन स्वतःची उचला, तीसुद्धा हौसेने! अंथरुणात वाळू, भातात वाळू, अंगाला कायम चिकट मीठ. वाळत घातलेल्या बोंबलांवरच्या माश्या उठून आमच्या चहावर. हे मात्र पहाटे उठून किनाऱ्यावर चालायला जायचे आणि लहान मुलासारखे शिंपले घेऊन यायचे. मला किळस यायची. डब्याची यायची, माश्यांची यायची, आणि हळूहळू त्यांच्या आनंदाचीही यायला लागली. नवऱ्याच्या आनंदाची किळस — असं कुणी कधी कबूल करतं का?

पण "परत जाऊया" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. कसे निघणार? स्वप्न माझं ना! भिशीतल्या बायका हसल्या असत्या. आणि ह्यांनी एका शब्दानेही विरोध केला नसता, हेही मला माहीत होतं. म्हणाले असते, "चल, काय त्यात." मग जायला कारण माझं झालं असतं. मला कारण माझं नको होतं.

गाडीचा हँडब्रेक सैल झाला होता. डहाणूच्या मेकॅनिककडे सामान यायचं होतं. तोवर हे गाडी गिअरमध्ये ठेवायचे आणि पुढच्या चाकाखाली एक मोठा दगड लावायचे. रोज सकाळी फिरायला जाताना बुटाने तो दगड दाबून बघायचे. मला सांगून ठेवलं होतं — "ह्या दगडाला हात लावायचा नाय, शोभा." मी केरफरशी करताना गिअरचा दांडा आडवा यायचा, तो मी कधीकधी हलवायचे, त्यावरून बोलणीही खाल्ली होती. म्हणजे मला सगळं माहीत होतं. नर्स होते मी. काय काढलं की काय होतं, हे कळण्यातच माझी हयात गेली.

त्या सकाळी डबा न्यायची पाळी माझी होती. नेताना तो हिंदकळला आणि माझ्या साडीवर उडालं. साडी बदलली, हात साबणाने पुन्हापुन्हा धुतले, तरी वास जाईना. त्याच तिरमिरीत फरशी पुसली, आणि दांडा ढकलून दिला. बाहेर आले तर वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती. तिच्या कोपऱ्यावर ठेवायला दगड हवा होता.

मी चाकाखालचा दगड काढला.

इतकी वर्षं मनात हेच घोळवते — ताडपत्री उडत होती, दगड हवा होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण तिथे सुरूच्या झाडांना दगडांची आळीच केलेली होती. हवे तेवढे दगड. वाकायलाही कमी लागलं असतं. चाकाखालचा तर रुतून बसलेला, तो मला दोन्ही हातांनी हलवून काढावा लागला. मग मी तोच का काढला? मला गाडी जायला हवी होती. असे शब्द तेव्हा मनात आले नव्हते, पण हातांना कळलं होतं.

गाडी आधी नुसती कुरकुरली. मी ओरडू शकले असते. दगड परत टाकू शकले असते — हातातच होता. मी उभी राहिले. मग ती उताराला लागली.

खाली एक कोळीण बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालत होती. तिने मान वर केली आणि बाजूला उडी मारली, म्हणून वाचली. गाडी दांड्या मोडत वाळूवर गेली आणि तशीच पुढे पाण्याकडे. भरती चढत होती. तेवढ्यात हे परत येत होते. हातातली पिशवी टाकून धावले. धावत्या गाडीचं दार धरायला गेले आणि पडले. गुडघा फुटला, तसेच उठले, आणि कमरेइतक्या पाण्यात त्या मिनीबसला दोन्ही हातांनी ढकलत उभे राहिले. एकटे. लाटा येत होत्या आणि हे ढकलत होते.

ती कोळीण शिव्या घालत होती. "म्हाताऱ्या, गाडी सांभाळता येत नाय तर आनतोस कशाला? मेली असती मी!" ह्यांनी तिच्यासमोर हात जोडले. मग वर माझ्याकडे आले. चेहरा पांढराफटक.

"शोभा, दगड मी लावला व्हता ना?"

दगड मी एव्हाना ताडपत्रीच्या कडेवर ठेवला होता, माझ्या पायाशीच. मी पायाने ताडपत्री त्याच्यावर ओढली.

"नव्हता लावला," म्हणाले.

"आन गिअर?"

"मला काय माहीत तुमच्या गिअरचं?"

बस, एवढंच. भीतीने खोटं बोलले, असं तुम्ही म्हणाल. पहिल्यांदा असेलही. पण ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर ओढत असताना मी मुलाला फोन केला. हे शेजारीच टेकून बसले होते. आणि मी म्हणाले, "हल्ली होतंय त्यांना असं. विसरतात."

हे कुणीही माझ्याकडून काढून घेतलं नव्हतं. मुलाने विचारलंही नव्हतं. मीच दिलं. आणि हे माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. आपल्याला काहीतरी झालंय आणि ते हिला आधीपासून ठाऊक आहे, अशा नजरेने.

त्यातला डावही बघा किती पक्का बसला. एक गोष्ट विसरली असती तर ती चूक ठरली असती. दगडही नाही, गिअरही नाही — दोन्ही विसरला म्हटल्यावर तो आजार झाला. दुसऱ्या बाईला हे सुचलं नसतं. मला सुचलं, कारण असे पेशंट मी सांभाळले होते.

आम्ही नाशिकला आलो. पहिल्या दिवशी मी घरच्या मोरीत बादलीभर कढत पाणी घेऊन अंघोळ केली. पाय कोरडे, फरशी कोरडी, दाराला कडी. आणि मी गुणगुणत होते! बाहेर हे खुर्चीवर बसून गुडघ्याची खपली बघत होते, आणि आत मी गुणगुणत होते.

मुलगा पुण्याहून आला, डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मला विचारलं, आणखी काय काय विसरतात? आता इथे तरी थांबायचं की नाही? मी सांगत गेले. गॅस चालू ठेवतात. तेच तेच विचारतात. ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात. एकही खरं नव्हतं. पण मला नेमकं काय सांगायचं ते ठाऊक होतं, आणि मी सिस्टर म्हटल्यावर डॉक्टरांनी माझा शब्दन् शब्द धरला. मग ह्यांना उलटे आकडे मोजायला लावले, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. घाबरलेला माणूस तो. चुकला. डॉक्टरांनी विसरण्यावरची रोज रात्री एक गोळी लिहून दिली. बाहेर आल्यावर मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी डोळे पुसले. हो, पुसले.

मिनीबस खाऱ्या पाण्याने खलास झाली होती, भंगारात गेली. ह्यांनी त्यानंतर कुठल्याही गाडीच्या किल्लीला हात लावलेला नाही. स्कूटर मुलाला देऊन टाकली. नातू सुट्टीत येतो, "आजोबा, चक्कर मारू" म्हणतो, तर हे म्हणतात, "नाय रे बाबा, माझा काय भरवसा." रस्त्यावरून बस गेली की मान फिरवतात. दूध तापवताना मला हाक मारतात — बघ गं, मी गॅस बंद केला का? आणि मी जाऊन बघते. बंद असतो. रोज बंदच असतो.

एकदा तरी सांगितलं का मी, की अहो, तुम्ही काही विसरत नाही? नाही. सोसायटीतल्या बायका म्हणतात, किती करता हो त्यांचं. मी म्हणते, करावं लागतं. हे वाक्य आता माझ्या तोंडात इतकं बसलंय की खरं वाटतं. आणि खरोखरच मजेत आहे मी, हे सगळ्यात घाण. घर आहे, संडास आहे, भिशी आहे. त्या भिशीत बायका माझ्याकडे कीवेने बघतात, आणि मला ते आवडतं. एवढी नासलेली बाई माझ्या आत राहते, हे मला त्या उतारावर पहिल्यांदा दिसलं. नंतर तिला मी रोज जेवू घातलं.

त्यांना आता खरंच थोडं विसरायला होतं की मी सांगितलं म्हणून होतं? मला सांगता येत नाही. मी नर्स असून सांगता येत नाही. कालपरवाचं नाव आठवत नाही, असं तर माझंही होतं. पण त्यांचं झालं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो, आणि ते मान खाली घालतात.

गेल्या आठवड्यात रात्रीच्या गोळीची वेळ झाली. मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. ते पलंगावर बसले होते. बराच वेळ बोलण्याची तयारी चालली होती, ते मला दिसत होतं.

"शोभा," म्हणाले, "पुढं मला काहीच आठवनार नाय, तवर बोलून ठिवतो. तुला समुद्रावर ऱ्हायचं व्हतं. लय हौस व्हती तुला. म्या बुडीवलं. एका बाईचा जीव बी घेतला असता. तू कधी एका शब्दानं बोलली नाय मला." मग म्हणाले, "माफ कर मला."

मी म्हणाले, "केलं हो माफ."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर गोळी ठेवली. त्यांनी ती घेतली.