दगाचे पाय आणि गजराबाईची गाठ

मणक्याला सुरी लागली की माणूस खाटेला खिळतो, हे नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर सगळ्यांना ठाऊक होतं. पुरावाही होता: कळसाडीचा दगा. धडधाकट गडी पाठीतली गाठ काढायला आपल्या पायांनी सुरतेला गेला आणि डॉक्टरनं त्याला पांगळा करून परत पाठवला. बायका देठ खुडता खुडता ही गोष्ट सांगत, आणि दर खेपेला डॉक्टरची सुरी बोटभर लांब होई.

सगळ्यांत रंगवून सांगायची ती गजराबाई. तिच्या जिभेपुढे मिरची गुळचट.

तिच्या पायांचंही पथारीवर भारी कौतुक. मिरची उलटायला अनवाणी फिरावं लागतं. बाकीच्या बाया तळव्यांना तेल चोळत कण्हायच्या, ही मात्र खुशाल. "हिना पाय देवना पाय शेतस वं," दिवलीबाई म्हणायची, आणि गजराबाई फुगायची. पाय बधिर होत चाललेत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एकदा ती कामावरून घरी आली तेव्हा सून रोहिणीनं विचारलं, "आत्या, एक चप्पल कोठे शे?"

गजराबाईनं खाली पाहिलं. डावी चप्पल वाटेतच कुठंतरी गळून पडली होती आणि तिला पत्ताच नव्हता. भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली. खांद्यांच्या मधोमध, मणक्याच्या आत, बोराएवढी गाठ. "कॅन्सरची वाटत नाही," ते म्हणाले, "पण मज्जारज्जूला दाबतेय. चालताय तोवर काढू. पाय गेल्यावर काढली तर ते परत येतीलच असं नाही."

गजराबाईला त्यातलं 'पाय गेल्यावर' तेवढं ऐकू आलं.

"माले नही जानं," तिनं घरी जाहीर केलं. नवरा नवल याला लग्नापासून तिच्यापुढे एक वाक्य पुरं करता आलं नव्हतं. तो म्हणाला, "पन डाक्टर..."

"दगाले इचारा!"

दिवस सरत गेले तशी ती भिंत धरून चालू लागली. खाटेवर बसली की गुडघे आपसूक थरथरायचे. कुणाला दिसू नये म्हणून ती वर गोधडी टाकायची. मग गोधडी थरथरायची. शेवटी रोहिणीनं सासूचा शब्द खरा केला. गाडी करून तिला कळसाडीला नेलं.

दगा ओट्यावर पाय पसरून बसला होता. शेजारी चार माणसं पान खात होती. गजराबाईला वाटलं, आता हा म्हणेल, जाऊ नको बहीण, आणि आपण सुटलो.

दगानं तिच्या पायांकडे बघितलं. "चालत उनी का उचलीसन आनं तुले?"

"चालत उनी. काठी धरीसन, पन चालत."

"मंग आठे कसाले बठनी? आजच जाय."

"पन दगाभाऊ, तुन्हं कसं..."

"जाय सांगं ना!" तो खेकसला आणि तोंड फिरवून बसला.

तो का रागावला, या विचारानं ती आणखीच घाबरली. सुरतेला ऑपरेशनसाठी आत नेताना तिनं रोहिणीचं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "मावशी, पायाचा अंगठा हलवा." तिनं डोळे मिटून घेतले. हलवला आणि हलला नाही तर? रोहिणी ओरडली, "आत्या, हालना! हालना!" तेव्हा कुठे तिनं एक डोळा उघडला. अंगठा खरंच हलला होता.

पाय पुढे बरेच दिवस ओल्या पोत्यासारखे जड होते. गाठ तपासली, साधी निघाली. आता ती काठीशिवाय दारापासून चौकापर्यंत जाते. डावा तळवा अजून जरा बोथट आहे.

दगाचं खरं दगाच्या बायकोनं, भिकुबाईनं नंतर सांगितलं. तो सुरतेला आपल्या पायांनी गेला नव्हता. पाय लुळे पडले तरी तो पाठीला तापल्या सळईचे डाग देऊन घेत घरीच राहिला, आणि अखेर त्याला खाटेवर घालून नेलं. पाय ऑपरेशनच्या आधीच गेले होते. उशीर आपणच केला हे लपवायला सुरीची गोष्ट त्यानं स्वतःच पसरवली होती.