गल्लीत वाटलेली साखर

सुनेच्या रुमालाला निलगिरीचा वास आला आणि मला बोरीतलं सासर आठवलं. तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. सकाळी अंग मोडून आलं, भाकरी नकोशी झाली, तशी मी भिंतीला टेकले. सासूबाईंनी काही न विचारता, मला दिवस गेले म्हणून गल्लीत साखर वाटली. दुपारी हीव भरलं, ताप फणफणला, खोकला थांबेना.

"फ्लू आहे, दुसरं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"आता बायांला काय सांगू मी?" सासूबाई रिकामी वाटी घेऊन उभ्या होत्या.

मी पदरात तोंड लपवलं. "चुकलं माझं, आत्याबाई."

तापाची माफी मागितली मी.

आज सुनेच्या तापल्या कपाळावर हात ठेवला. पण त्याआधी माझी नजर तिच्या पोटाकडे गेली होती, आणि ती तिनं पाहिली होती.