लुआनमावशी आणि चार वाट्या

मुलांना बाहेर खेळायला नेण्याआधी लुआनमावशी स्वतः वडाखाली जाऊन उभी राहायची. पँट गुडघ्यापर्यंत वर, एक पोटरी उघडी. शंभर आकडे मोजायची. पोटरीवर डास बसला नाही तरच मुलं बाहेर.

डासांचं औषध मुलांच्या अंगावर थेट फवारायची नाही. आधी आपल्या तळव्यावर घ्यायची, मग मानेला, घोट्यांना, कानांच्या मागे. हाताच्या बोटांना कधीच नाही, कारण बोटं तोंडात जातात.

काळे कपडे घालून आलेल्या मुलाला ती आपल्या कपाटातला पांढरा सदरा चढवायची. आईबाप हसले तर हसोत.

मुलांना एका जागी बसू द्यायची नाही. “पाय हलव, पाय हलव, थांबलास की चावला,” असं चालीत म्हणायची आणि मुलं नाचायची.

आणि संध्याकाळी आंघोळ घालताना अंगावरचा प्रत्येक चावा शोधून त्याभोवती बॉलपेनने गोल काढायची. आत तारीख. जुना कुठला, नवा कुठला, उद्या कळावं म्हणून.

त्सेंग श्यू-लुआन हे तिचं पूर्ण नाव. वय अडुसष्ट. ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत तळमजल्यावर एकटी राहायची आणि कामाला जाणाऱ्या आयांची मुलं दिवसभर सांभाळायची. त्या वर्षी तिच्याकडे दोघं होती. पाओ, चार वर्षांचा, कुणाचंही न ऐकणारा. आणि निंग, अडीच वर्षांची, मावशीच्या पँटचा कोपरा धरून चालणारी, तिला आजी म्हणणारी.

गल्लीच्या तोंडाशी, त्याच वडाखाली, भूमीदेवाचं छोटं देऊळ आहे. तिथले पुजारी चुआंगकाका तिला डास-फौजदार म्हणायचे.

“आले बघा फौजदार. आज कुणाची झडती?”

“तुमचीच. त्या फुलदाणीतलं पाणी किती दिवसांचं आहे?”

“देवाचं आहे ते.”

“डासाला कुठं कळतंय देवाचं की चुआंगचं? ओता.”

आणि काका ओतायचे. सगळी गल्ली ओतायची. टायर, कुंडीखालच्या बशा, गच्चीवरचे डबे. शनिवारी सकाळी मावशीच्या चपलांचा आवाज आला की लोक आपणहून बादल्या उपड्या करायचे.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी निंगच्या आईचा फोन आला. चिया-वेन तिचं नाव, केस कापण्याच्या दुकानात काम करते.

“मावशी, आज निंगला नाही पाठवत. रात्रीपासून ताप आहे. एकोणचाळीस.”

“सर्दी आहे?”

“नाही.”

“डोळे दुखतात म्हणते का? अंग?”

“अडीच वर्षांची आहे हो. नुसती रडतेय.”

“डाव्या घोट्यावर बघ. गोल आहे ना? तारीख काय आहे?”

फोनवर पांघरुणाची सळसळ, निंगचं रडणं. मग चिया-वेन म्हणाली, “मागचा मंगळवार.”

मावशीला तो मंगळवार आठवत होता. देवळासमोर मांडव घालत होते, म्हणून तिने मुलं मागच्या अंगणात खेळवली. स्वतःच्या. स्वयंपाकघराच्या दारापासून तीन पावलांवर. तिथे तिने पोटरी उघडी टाकून आकडे मोजले नव्हते. आपल्याच घरात कशाला मोजायचे?

दुपारी दवाखान्यातून कळलं. डेंगीच. निंगला दाखल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या दोन बायका गल्लीत आल्या. हातात टॉर्च, गळ्यात शिट्टी, पाठीला पिशवी. निंगचं घर झालं, मग मावशीचं. मावशीने स्वतःच दार उघडून दिलं. अंगणात काही नव्हतं. न्हाणीघरात काही नव्हतं. मावशीचा श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात त्यातली थोराड बाई स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसली आणि तिने जाळीच्या कपाटाखाली टॉर्च मारला.

ते कपाट मावशीच्या सासूचं. उरलेला भात, तळलेले मासे, मुलांची बिस्किटं त्यात राहायची. मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या चार वाट्या. सासूच्या घरात होत्या, आईच्या घरात होत्या. त्यांच्याकडे पाणी साठलंय म्हणून कुणी बघतच नाही. त्या कपाटाचाच भाग असतात.

“मावशी, हे पाणी कधी बदललंत?”

“शनिवारी. दर शनिवारी बदलते. एक शनिवार चुकला असेल तर विचारा कुणालाही.”

“वाटी घासलीत?”

“घासायचंय काय त्यात? पाणीच तर असतं.”

बाईने भिंतीकडची वाटी ओढून काढली. पाण्यात बारीक शेपट्या वळवळत होत्या. मग तिने वाटीच्या काठावरून नख फिरवलं आणि ते टॉर्चच्या उजेडात धरलं. मिरपूड लागावी तसे काळे ठिपके.

“ही अंडी. पाणी ओतलं तरी ही काठाला चिकटून राहतात. कोरडी, महिनोन्‌महिने. तुम्ही नवीन पाणी घातलंत की फुटतात.”

मावशी त्या नखाकडे बघत राहिली.

“म्हणजे मी दर शनिवारी...”

“तुम्ही एकट्या नाही हो,” बाई म्हणाली. “निम्म्या शहराचं हेच आहे.”

पण मावशीच्या कानावर पुढचं काही गेलं नाही.

फवारणीचा धूर बसायच्या आत बातमी गल्लीभर झाली. न्याहारीच्या दुकानातली आ-लियेन तव्यावरून मान वर न करता म्हणाली, “सगळ्यांचे डबे उपडे करत हिंडली. आणि घरात पाळले होते.” पाओच्या आईने त्याला आजोळी पाठवून दिलं. घर रिकामं झालं. मावशी लहान मुलांच्या मापाच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पुसत बसली, ज्यांच्यावर कुणी बसणार नव्हतं.

गुरुवारी ती माशाची पेज घेऊन इस्पितळात गेली. निंग मच्छरदाणीत झोपली होती. हाताला सुई, तोंड एवढंसं झालेलं. चिया-वेन दारातच उभी राहिली.

“कशी आहे?”

“ताप आहेच. प्लेटलेट उतरताहेत.”

तेवढ्यात नर्स आली. मच्छरदाणीचा काठ गादीखाली खोचत चिया-वेनला म्हणाली, “ताप उतरला की लोक खूश होतात आणि झोपून जातात. तुम्ही तसं करू नका. उतरल्यानंतरचे दोन दिवसच खरे. पोट दुखलं, उलटी झाली, गळून गेली, की लगेच हाक मारायची.”

मावशीने हे ओठांतल्या ओठांत म्हणून पाठ केलं. पोट, उलटी, गळून जाणं. मग ती म्हणाली, “चिया-वेन, माझ्या वाटीत सापडलं.”

“माहितीये.”

“मी ओतायचे गं. घासत नव्हते.”

चिया-वेनने पेजेचा डबा घेतला. बराच वेळ त्याचं झाकण नीट बसवत राहिली.

“पुन्हा पाठवशील ना तिला?”

“आधी बरी तर होऊ दे, मावशी. मग बघू.” आणि मान वर करून, “तुमचं तोंड लाल का झालंय?”

“चालत आले. ऊन किती आहे.”

ऊन होतं हे खरं. पण घरी येऊन तिने काखेत थर्मामीटर लावला तेव्हा पारा अडतीसच्या वर होता. तो तिने झटकला आणि डबीत ठेवून दिला.

कुणाला सांगायचं? सांगितलं की पुन्हा टॉर्च, पुन्हा धूर. त्या घरात दुसरा ताप निघाला, असं आ-लियेन म्हणणार. मग ते “बघू” कायमचं राहणार. मावशीने तापाची गोळी घेतली आणि मच्छरदाणीत पडून राहिली. ती मच्छरदाणी तिने चारी बाजूंनी चिमट्यांनी बंद केली होती, आपल्याला चावलेला डास बाहेर जाऊ नये म्हणून. शुक्रवारी हाडं फुटल्यासारखी दुखली. शनिवारी चपलांचा आवाज आला नाही. लोकांना वाटलं, शरमेने आली नसेल.

रविवारी सकाळी तिचा ताप उतरला. घाम आला, अंग गार पडलं. त्याच दिवशी मोबाइलवर चिया-वेनचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. प्लेटलेट वर येताहेत. मंगळवारी घरी आणतोय. निंग विचारते, आजी कुठे?

मावशीने तो निरोप कितीदा ऐकला कोण जाणे. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. आजी कुठे, आजी कुठे.

मग ती कामाला लागली. चार वाट्या ब्रशने घासल्या, उकळत्या पाण्यात घातल्या, उन्हात ठेवल्या. पाण्याऐवजी त्यांत चुन्याची पूड भरली. कपाट ओढून मागची भिंत पुसली. सोमवारी सकाळी देवळात गेली.

“काका, वडाच्या खोडात फांदी तुटलेल्या जागी पोकळी आहे. हात घालून बघितला. पाणी आहे.”

“असेल. पाऊस पडतो तर पाणी साठणारच.”

“वाळूने भरून टाकू.”

“झाड देवाचं आहे. त्याला विचारायला लागेल.”

“विचारा मग. उद्या पोर यायचीय.”

काकांनी लाकडाच्या दोन चंद्रकोरी कपाळाला लावल्या आणि कौल लावला. दोन्ही पालथ्या पडल्या. नाही.

“नाही म्हणतोय.”

“पुन्हा टाका.”

या वेळी दोन्ही उताण्या पडून डुलत राहिल्या.

“आता हसतोय तुला.”

“हसू दे. गल्ली हसतेय, त्याचं काय वेगळं? पुन्हा.”

तिसऱ्यांदा एक उताणी, एक पालथी. मिळाला कौल. काका म्हणाले, “तुझ्यापुढे देवाचंही चालत नाही.” मावशी हसली. पण हसताना तिने पोट धरलं होतं, हे काकांना नंतर आठवलं.

वाळू देवळामागे होती, मांडवाचे खांब रोवून उरलेली. बादली तिला उचलेना, म्हणून ती पाओच्या खेळण्यातल्या लाल बादलीने वाळू आणू लागली. एका खेपेला दोन मुठी. स्टुलावर चढायचं, पोकळीत ओतायचं, उतरायचं. चार खेपांनंतर देवळाच्या पायरीवर टेकायची. काकांनी विचारलं, “बरं नाहीये का तुला?”

“ताप होता. उतरला काल.”

“मग छान झालं.”

“हो ना.”

तिला ते तीन शब्द पाठ होते. निंगसाठी पाठ केले होते. पोटात मुरडा आला तेव्हा म्हणाली, दोन दिवस नीट जेवले नाही, म्हणून. दुपारी देवळामागे जाऊन ओकली तेव्हा म्हणाली, ऊन. मग म्हणाली, जरा पडते, फार गळाल्यासारखं झालंय. आणि लाल बादली झाडाच्या बुंध्याशी ठेवून घरी गेली.

“उरलेलं मी भरू का?” काकांनी मागून विचारलं.

“नको, तुम्ही वरवर भराल. दाबून भरायला लागतं. चार वाजता येते.”

चार वाजले. पाच वाजले. काका गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. ती मच्छरदाणीत होती, चिमटे सगळे लावलेले. हाकेला ओ दिली, पण काय म्हणाली ते कळलं नाही. आ-लियेनने दुकान तसंच टाकून तिला आपल्या गाडीत घातलं आणि लाल दिवे न बघता गाडी हाकली. इस्पितळात डॉक्टरांनी एकच विचारलं, ताप कधी उतरला?

मंगळवारी निंग घरी आली. बुधवारी पहाटे लुआनमावशी गेली.

चिया-वेनने निंगला अजून काही सांगितलेलं नाही. निंग खिडकीत उभी राहून पाय हलवते आणि मावशीच्या दाराकडे बघते. तिला खाली आणत नाहीत.

गुरुवारी पाऊस झाला. वडाच्या खोडातली पोकळी अर्धी वाळूने भरलेली आहे, घट्ट दाबलेली. वर वीतभर जागा उरली आहे. तिथे पाणी साठलं आहे.