रिकाम्या पोत्यांचं भांडण

नोकरीत पाहिलेल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. कोणत्या दरोड्यात किती आरोपी होते हे विचाराल, तर मला कागद काढावे लागतील. पण त्या गुरुवारच्या पंगतीत कोण कुठं बसलं होतं, हे मी आजही डोळे मिटून सांगेन.

सत्तरच्या दशकाचा तो मध्य होता. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. कारखान्यांत लागलेली माणसं भाड्याच्या खोल्यांना विटली होती. अशाच काही कामगारांनी सोसायटी काढून रहाटणीच्या वाटेवर तीन इमारती बांधायला घेतल्या होत्या. सोसायटीचा सेक्रेटरी कंपनीत फिटर होता, मोजकं बोलणारा आणि कामाला वाघ. बुधवारी तो लाउडस्पीकरचा परवाना मागायला ठाण्यात आला. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती होती. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून असली कार्यं गुरुवारीच धरायची. दोन नंबरच्या इमारतीच्या गच्चीवर मांडव घातला होता आणि पहिली पंगत बाराला बसणार होती. जेवायला यायचंच, असं मला बजावून तो गेला.

त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं आणि काळ्या बाजारात सोन्याच्या भावानं जायचं. देहूरोडचा एक चहावाला माझा खबऱ्या होता. कडब्याखाली सिमेंटची पोती झाकून एक टेम्पो जातो, असं त्यानं आठवड्यापूर्वी कळवलं होतं. आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. नेमका गुरुवारी सकाळी साडेसातला तो टेम्पो सापडला. ड्रायव्हरनं फार ताणलं नाही. माल सोसायटीच्या साइटवरचा, स्टोअरकीपर देतो, असं त्यानं सांगितलं. वर एक गोष्ट न विचारता बोलून गेला. आज पोती थोडी आहेत, पण दोन-अडीच महिन्यांपूर्वी एकाच दिवसात त्यानं टेम्पो भरून दोन खेपा केल्या होत्या.

नऊ वाजता स्टोअरकीपर माझ्यासमोर बसला होता. साइटची वहीही जप्त करून आणली होती. माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. असल्या माणसाला दमदाटी लागू पडत नाही, हे मला ठाऊक होतं. मी चहा मागवला. चोरी त्यानं पहिल्या अर्ध्या तासात कबूल केली. पण एका दिवसात दोन टेम्पो सिमेंट गेलं, तर ते कुठल्या कामातून गेलं, याचा ताकास तूर लागू देईना. सगळ्या कामातून थोडं थोडं काढलं, एवढंच पालुपद त्यानं धरलं होतं. तीन इमारतींचे मिळून बारा स्लॅब होते. थोडं थोडं गेलं असेल तर एक वेळ चालेल, पण एकाच स्लॅबातून गेलं असेल तर तो स्लॅब माणसांच्या वजनाला टिकणार कसा?

चौकशीत माझी एक सवय होती. आरोपीच्या तोंडाकडे कमी आणि त्याच्या नजरेकडे जास्त पाहायचं. हा गृहस्थ सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. सुटायची घाई असलेला माणूसही घड्याळ पाहतो, पण त्याला तास लवकर जायला हवे असतात. याच्या कपाळावर मात्र काटा पुढं सरकेल तसा घाम वाढत होता. साडेदहाला मी त्याला विचारलं, बाराला काय आहे? त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. बाराला त्या गच्चीवर पहिली पंगत बसणार होती.

नुसत्या संशयावर शे-दोनशे माणसांचं कार्य थांबवायचं कसं? मी साइटची वही काढून प्रत्येक स्लॅबची तारीख वाचायला लागलो. सिमेंटचा हिशेब सगळीकडे बिनचूक लिहिला होता. शेजारी हवालदार टेम्पोतल्या पोत्यांचा पंचनामा पुरा करत होता. तो सहज म्हणाला, "साहेब, ह्या साइटवरची एक बाई पोत्यांच्या भांडणावरून आली होती की आपल्याकडं."

त्यानं सांगितलं, त्या साइटवर एक रीत होती. स्लॅब पडला, म्हणजे ओतून झाला, की सिमेंटची रिकामी पोती घमेली वाहणाऱ्या बायकांना वाटून टाकायची. झोपडीवर घालायला, अंथरायला त्या ती नेत. एरवी प्रत्येकीच्या वाट्याला तीन-चार तरी यायची. एका स्लॅबला निम्म्या बायकांना एकसुद्धा मिळालं नाही. त्यावरून झिंज्यांची ओढाओढी झाली, एकीचं कपाळ फुटलं आणि ती ठाण्यात आली. अदखलपात्र म्हणून नोंद करून तिला परत पाठवलं होतं.

रिकामी पोती कमी निघाली, म्हणजे त्या स्लॅबला भरलेली कमी फुटली होती. मी रजिस्टर ओढलं. नोंद दोन ओळींची होती, पण मला तारीख पुरे होती. साइटची वही शेजारी उघडी होती. भांडण झालं त्याच्या आदल्या दिवशी पडलेला स्लॅब एकच होता. दोन नंबरच्या इमारतीची गच्ची.

दोन्ही वह्या मी स्टोअरकीपरसमोर ठेवल्या. तो हुंदके द्यायला लागला. "साहेब, इंजिनिअर त्या दिवशी रजेवर होते. मधला भाग शेवटी ओतला. त्यात तर नावाला सिमेंट आहे." घड्याळात बाराला दहा कमी होते.

जीपमधून जाताना मी टोपी काढून सीटवर ठेवली आणि गणवेशावर जीपमध्ये पडलेला हवालदाराचा स्वेटर चढवला. भर दुपारी स्वेटर पाहून कुणी हसलं असतं तर चाललं असतं, पण खाकी पाहून साठ-सत्तर माणसं एकदम उठली असती, तर तीच धावपळ गच्ची खाली आणायला पुरेशी होती. शिपायांना गच्चीखालच्या खोल्या रिकाम्या करायला सांगून मी एकटा वर गेलो.

पंगत बसली होती. पत्रावळींवर भात पडला होता. सेक्रेटरी तूप वाढत होता. मी त्याला जिन्यात घेतलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न मला अजून ऐकू येतो. "भरल्या पानावरून माणसं उठवू, साहेब?"

मी म्हणालो, "उठवू नका. पानासकट न्या."

त्या माणसाची कमाल वाटते. त्यानं तुपाचं भांडं खाली ठेवलं, हात पुसले आणि हसतमुखानं लाउडस्पीकरवर सांगितलं की ऊन फार लागतंय, खाली झाडाखाली सावली केली आहे, आपापली पत्रावळ घेऊन सावकाश चला, जिलबी तिथंच वाढणार आहोत. मधली रांग त्यानं आधी उठवली, मग जिन्याजवळची, मग कठड्याजवळची. लोक कुरकुरले, कुणी थट्टा केली, पण निघाले. पायाखाली एकदा बारीकसा आवाज झाला. आम्हा दोघांनाच तो कळला. बायका लेकरांना कडेवर घेऊन एकेक पायरी उतरत होत्या आणि मी मनात एकेक डोकं मोजत होतो.

शेवटी एक म्हातारा राहिला, सेक्रेटरीचे वडील. मावळातला शेतकरी माणूस, मांडी घालून बसलेला. पान हलवायला तयार होईना. "म्या न्हाई उठायचा. लेकाच्या घरचं पयलं जेवन हाय."

सेक्रेटरी वडिलांसमोर उकिडवा बसला. तो हळू म्हणाला, "आबा, ह्यात सिमेंट न्हाई. चोरलंय."

म्हाताऱ्यानं तळहात स्लॅबवर टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग पत्रावळ उचलली. त्यांच्यामागं सेक्रेटरी आणि मी उतरलो. खाली पोचल्यावर मी मातीतच बसलो.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी गच्चीच्या मधोमध हातोडा घातला. काँक्रीट हातानं कुस्करता येत होतं. स्लॅब पाडून पुन्हा घातला, सोसायटी वर्षभर मागं पडली, आरोपींना शिक्षा झाली. वरिष्ठांनी माझ्या सर्व्हिस शीटमध्ये तत्परतेबद्दल शेरा लिहिला. जुनं रजिस्टर चाळून गुन्हा उकलणारा अधिकारी म्हणून माझं नाव झालं.

इथवरची हकीकत मी भाषणांतून पुष्कळदा सांगितली आहे. पुढचं आज पहिल्यांदा सांगतो.

खटल्यासाठी त्या कपाळ फुटलेल्या बाईचा जबाब घ्यायचा होता. ती मराठवाड्यातून आलेली, तिशीची. मी कौतुकानं म्हणालो, बाई, तुमच्या भांडणामुळं माणसं वाचली. ती म्हणाली,

"सायेब, म्या तवाच सांगितलं व्हतं. पोती कमी निघाली म्हंजी सिमिट कमी पडलं, ही गच्ची कच्ची हाय. तुमी ह्याच खुर्चीत व्हता. तुमी म्हनलात, भांडनाचं तेवढं बोल."

मला काही आठवेना. ती गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. त्या गुरुवारी घाईत मी फक्त तारीख पाहिली होती. नोंदीत लिहिलं होतं, "रिकाम्या पोत्यांवरून किरकोळ भांडण. समज देऊन सोडले." खाली सही माझी होती.

ती नुसती पोत्यांसाठी आली नव्हती. फुटलेलं कपाळ घेऊन तीन मैल चालत ती आम्हाला गच्चीचं सांगायला आली होती, आणि मी तिचं निम्मं बोलणं कागदावर येऊ दिलं नाही. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत तक्रारदाराचं बोलणं संपेपर्यंत मी कधी पेन उचललं नाही. हाताखालच्यांना याचा कंटाळा यायचा. शेरा माझ्या नावावर तसाच राहिला. तो खोडून घ्यायला मी कुणाकडे गेलो नाही, याची लाज मला अजून वाटते.